वेल्डरच्या बोटातलं रक्त

दवाखान्यात त्यांना सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. बावीस वर्षं त्या काचपट्टीवरच्या रक्तात मलेरियाचे जंतू शोधत होत्या. नवं यंत्र आलं तेव्हा कंपाउंडर म्हणाला, "बाई, तुमच्या डोळ्यांना आता पेन्शन!" बाईंनी मात्र यंत्राचं माहितीपत्रक शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचून काढलं.

यकृतात दडून बसलेले जंतू मारणारी गोळी कुणाला झेपेल, एवढंच ते यंत्र सांगायचं. काहींच्या रक्तात एक घटक कमी असतो. त्यांच्या तांबड्या पेशीच ही गोळी फोडते. यंत्र नव्हतं तेव्हा एका शिक्षकाची लघवी तिसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखी झाली, पाचव्या दिवशी माणूस गेला. त्याचे जंतू बाईंनीच शोधले होते, अगदी अचूक.

त्या दुपारी तापाने फणफणलेला वेल्डर समोर बसला. यंत्रावर त्या घटकाचा आकडा आला सात पूर्णांक एक. चारच्या खाली धोका. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. बायकोने पाण्याची बाटली उघडली. पहिली गोळी तोंडाकडे नेताना वेल्डरची बाही घसरली. कोपरापर्यंत लांब, गुलाबी, ताजा व्रण.

"थांबा! हे कधीचं?"

"दीड महिना झाला. पत्रा पडला अंगावर."

"रक्त चढवलं होतं?"

"तीन पिशव्या. ही म्हणते, तेव्हापासून मला जरा अक्कल आलीय."

बाई हसल्या नाहीत. "गोळी खाली ठेवा."

डॉक्टर वैतागले. "बाई, आकडा चांगला सात आहे. बाहेर चाळीस माणसं खोळंबलीत."

"आकडा रक्त देणाऱ्यांचा असेल, डॉक्टर. याचं स्वतःचं रक्त कसं आहे, आपल्याला कुठे ठाऊक?"

"फॉर्मवर तर 'रक्त चढवलं होतं का' पुढे 'नाही' लिहिलंय."

"मीच लिहिलंय. न विचारता."

गर्दी असली की त्या रकान्यात बाईंचा हात आपोआप 'नाही' लिहायचा.

"मग यांचा ताप, ताई?" बायकोने बाटलीचं झाकण लावत विचारलं.

"तापावरचं औषध आजच सुरू. ही गोळी मात्र चढवलेलं रक्त अंगातून सरल्यावर पुन्हा तपासल्याशिवाय नाही."

संध्याकाळपर्यंत बाईंनी स्वतः भरलेला प्रत्येक जुना फॉर्म काढून फोन लावले. बाकी कुणाला रक्त चढवलेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी वेल्डर परत आला. आकडा आला एक पूर्णांक सहा. डॉक्टरांनी जुन्या चौदा दिवसांच्या गोळ्या खोडल्या. मग लिहिलं: पेशींना सावरायला वेळ मिळावा म्हणून आठवड्यातून एकदाच गोळी, आठ आठवडे, दरवेळी इथेच, डोळ्यांसमोर.

"म्हणजे यंत्र चुकलं होतं तर!" कंपाउंडर म्हणाला.

"यंत्र नाही, मी," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला त्यांनी आधी दोन्ही बाह्या वर करायला लावल्या.