खाणीच्या तळाचा राजा

भाग्याचा थोरला दीर विजयेंद्र म्हणजे तोंडावर ‘भावजी’ आणि मनात ‘मेला’. म्हैसूरच्या त्या गल्लीत भाग्याइतके सुबक ब्लाऊज कुणी शिवत नसे, आणि तिच्याइतका राग कुणी पोसत नसे. दोन्ही कामं ती खाली मान घालून करी.

रागाला कारण होतं. तिचा नवरा श्रीवत्स हुणसूरच्या बसवर ड्रायव्हर. मीठभाकर सुखाची होती. तेवढ्यात हा विजयेंद्र, परदेशातल्या तांब्याच्या खाणीत मोठा इंजिनिअर, सुट्टीवर आला नि म्हणाला, “बस काय हाकतोस? चल, डंपर देतो. नुसतं चाकच तुझ्या दुप्पट उंच!” श्रीवत्स भुलला. वर्षभरात खाणीचा एक कडा सुटला आणि डंपरसकट त्याला घेऊन गेला. ती दरड उपसणं धोक्याचं, असं कंपनीनं ठरवलं. तो अजून तिथंच आहे.

आणि हा? हा निवृत्त होऊन पेन्शन घेऊन परतला आणि घराच्या पुढच्या भागात राहू लागला. मागच्या दोन खोल्यांत भाग्या आणि तिची लेक पावनी. परतला तो परतला, वर खाणीचं कौतुक सांगत सुटला!

नवरात्रात घरोघरी गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडायची म्हैसूरची रीत. पायऱ्या रचायच्या आणि सगळ्यांत वर पट्टद गोंबे बसवायचे: लाल लाकडाचे राजा-राणी, लग्नात माहेरून आलेले. ही जोडी फोडायची नसते. भाग्याची जोडी मात्र श्रीवत्स गेल्यापासून ट्रंकेत गुंडाळून पडलेली. विजयेंद्रनं यंदा पडवी अडवून भलतंच मांडलं. थर्मोकोल आणि प्लास्टरची ती खाणच. सगळ्यांच्या पायऱ्या वर चढतात, ह्याच्या पाताळात उतरत होत्या.

देखणं होतं, हे भाग्यालाही कबूल करावं लागलं, आणि त्यानंच तिचं पित्त जास्त खवळलं. तांबूस, पिवळे, मोरपंखी हिरवे थर. कड्याला वळसे घालत तळाशी गेलेला रस्ता. त्यावर मोहरीएवढे डंपर.

“खरी खाण अशी की चामुंडी बेट्टाचा अख्खा डोंगर उलटा ठेवला तर आत मावेल,” विजयेंद्र जमलेल्यांना सांगत होता. “भरलेला डंपर तळातून वर यायला तासभर लागतो. आणि हे रडार बघा. कडा केसभर सरकला तरी ह्याला कळतं.”

“अय्यो, केवढी ती विद्या!” शेजारच्या सुमित्राबाईंनी गालावर हात ठेवला.

“एकदा ही अख्खी बाजू खाली आली, तरी आठवड्यात खाण परत सुरू!”

कुंकवाचं तबक घेऊन भाग्या दाराआड उभी होती. मेल्या, त्या बाजूखाली कोण आहे ते सांग की! पण तिला खरी धास्ती होती ती पावनीची. पोरगी हातात पट्टी धरून, डोळे चमकवत, लोकांना रस्ते दाखवत होती. विजयेंद्रच्या नादानं तिनं इंजिनिअरिंगला खाणकाम निवडलं होतं आणि सीट मिळालीही होती. दसऱ्याच्या आत प्रवेश पक्का करायचा होता. भाग्यानं रडून, ओरडून, उपास करून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. एक बळी गेला, आता ही दुसरी.

ती आत गेली, ट्रंक उघडली आणि जोडीतला एकटा राजा उचलून आली. बायका बाजूला झाल्या. तिनं वाकून तो राजा खाणीच्या तळाशी उभा केला.

सुमित्राबाई पुटपुटल्या, “जोडी फोडली गं बाई!”

विजयेंद्रनं राजा चिमटीत धरून वर काढला. तो रागावलाही नाही, हेच वाईट. “भाग्या, माप चुकतंय गं. ह्या मापात माणूस दिसतच नाही.”

पावनीच्या हातातली पट्टी खाली आली. “दोड्डप्पा,” ती मोठ्या काकाला कानडीत हेच म्हणायची, “म्हणजे मी गेले तर मी पण दिसणार नाही?”

“तुझं वेगळं, पुट्टी. तू वर, ऑफिसात...”

“माझ्या अप्पाला नेताना काय सांगितलं होतं?”

विजयेंद्र दुसऱ्या हातानं रडार सरळ करू लागला. भाग्या पुढं झाली. “मापात बसत नव्हता, तर नेलात कशाला भावजी?”

पावनीनं त्याच्या हातातून राजा घेतला, परत तळाशी ठेवला आणि ती म्हणाली, “हा इथंच राहणार.”

“आणि हात लावलात,” भाग्या म्हणाली, “तर माझी कात्री आहे आणि तुमचं थर्मोकोल आहे.”

दुसऱ्या दिवशी पावनीनं सीट सोडली. दोन दिवस ती आईवर खेकसत राहिली. स्वप्न मोडलं होतं, कुणावर तरी राग निघायचाच. भाग्यानं तो मुकाट्यानं सोसला.

लोक मात्र दसऱ्यापर्यंत येतच राहिले. डंपर, रडार, रंगीत थर, कशाचंही विचारत नसत. आत डोकावले की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, “तळाशी हा कोण?”

भाग्या मशीन थांबवून मागच्या खोलीतून कान देई. विजयेंद्र घसा खाकरे, इकडेतिकडे बघे आणि शेवटी सांगे, “माझा भाऊ.”