शेल्यातला गुलाल

भागोजीचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. त्यावर चामड्याच्या तुकड्यासारखा घट्टा पडला होता. तो ग्रामदेवी सोमजाईच्या पालखीचा. शिमग्यात पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान त्याच्या घरचा. बापाआधी आजा, आज्याआधी पणजा.

मानाबरोबर एक लाल शेला होता. दांडा घेताना तो खांद्यावर घालायचा. तो कधी धुवायचा नाही, असा दंडक. चार पिढ्यांचा गुलाल त्यात मुरला होता. वर्षभर शेला पेटीत असे. शिमग्याला पेटी उघडली की घरभर देवीचा वास सुटतो, असं त्याची बायको रंगू म्हणे.

गाव दिघीच्या खाडीवर. शेती खारबांधाच्या आत. बांध टिकला तर भात, फुटला तर खारं पाणी. उधाणाला बांध फुटला की सगळं गाव धावे. कुणबीवाडा धावे, महारवाडाही धावे. चांगदेव महार सगळ्यांच्या पुढे असे. एका वर्षी भागोजी फुटक्या बांधावरून छातीपर्यंत गाळात गेला. चांगदेवनं काखेत हात घालून त्याला ओढून काढलं. कोण कुणाला शिवलं, हे त्या दिवशी कुणीच काढलं नाही.

१९२७च्या श्रावणात पटकीची साथ आली. भागोजीची लेक काशी तीन दिवस निपचित पडली होती. रंगूनं नवस बोलला. पोर उठू दे, शिमग्याला पालखी दारी आली की खणानारळानं ओटी भरीन. काशी उठली.

त्याच दिवशी चांगदेव गेला. महारवाड्यात पायांवर उभे राहतील असे तीनच पुरुष उरले होते. तिरडीला चार खांदे लागतात. चांगदेवची बायको केसर बांधावर येऊन उभी राहिली. तिनं हाक मारली नाही. शेतातल्या माणसांकडे नुसती पाहत राहिली. माणसं वाकून तण काढत राहिली. भागोजीनं हातातलं तण टाकलं. पाय धुतले आणि तिच्यामागून गेला.

मसणवटीवरून परतताना त्यानं खाडीत आंघोळ केली. कुणाच्याही मयताहून आल्यावर करतो, तेवढीच.

गावाला ती पुरली नाही. विठोबा पाटलानं देवळापुढे बैठक घेतली. शुद्ध होण्यासाठी भागोजीनं डोकं भादरावं, पंचगव्य प्यावं आणि देवीपुढे चुकलो म्हणावं, असं ठरलं. तोवर त्याला विहीर बंद, देऊळ बंद. मागून कुणीतरी विचारलं, गोमूत्र कडू लागतं म्हणून भितोस काय? भागोजी हसला. म्हणाला, गोमूत्र पिईन, पोट साफ राहतं. केसही पुन्हा येतील. त्याचं अडलं होतं ते शेवटच्या गोष्टीवर.

“एक शबुद हाय, भागोजी,” पाटील म्हणाला. “चुकलो म्हन आनि मोकळा हो. देवी मोठ्या मनाची हाय.”

“मोठ्या मनाची हाय, म्हनून तर तिला ठावं हाय. मी चुकलो न्हाय.”

“म्हंजे आमी चुकलो?”

भागोजीनं देवळाकडे वळून हात जोडले. उत्तर सगळ्यांना कळलं.

पाटलानं शिमग्यापर्यंत मुदत दिली. तो दुष्ट नव्हता. भागोजीच्या खांद्यावर पालखी हलकी होते, असं आजवर तोच सांगत आला होता.

रंगू मैलभरावरच्या झऱ्यावरून पाणी आणू लागली. ती गप्प बसणारी नव्हती. एकदा घागर उतरवताना तिनं विचारलं, तुमचा हट्ट तुमच्यापाशी, माझ्या नवसाचं काय? पालखी दारी आली नाही तर ओटी कुणाची भरू? नवस राहिला आणि काशीला काही झालं तर? एका शब्दानं सगळं परत मिळत होतं. विहीर, पालखी, रंगूचा नवस. पण तो शब्द उच्चारला की चांगदेवला दिलेला खांदा काढून घेतल्यासारखं होणार होतं.

शिमग्याला चार दिवस होते. भागोजीनं पेटी उघडली. शेला घेऊन भरदुपारी खाडीवर गेला. शिंपल्यांतली कालवं काढणाऱ्या बायका बघत राहिल्या. त्यानं शेला खडकावर आपटला, पिळला, पुन्हा बुडवला. पाणी लाल झालं, मग गुलाबी, मग खाडीच्या रंगाचं. वाळल्यावर शेला फिकट विटकरी निघाला. एका टोकाला जुनं रफू होतं. कुणाच्या तरी बायकोनं बारीक टाक्यांनी घातलेलं. ते त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

घडी करून त्यानं शेला देवळाच्या पायरीवर ठेवला. पाटील धावत आला. त्यानं घडी उलगडून पाहिली.

“धुतलास? चार पिढ्यांचा गुलाल?”

“शुद्ध करा म्हनला व्हतात. केला,” भागोजी म्हणाला. “देवीचा व्हता, तिला दिला. खांदा माजा हाय. तो कुनाला द्यायचा, ते मी बघीन.”

घरी जाताना रडू येईल असं त्याला वाटलं होतं. त्याला भूक लागली.

शिमग्याला रंगूनं अंगण सारवलं. ओटीचं ताट घेऊन ती दारात उभी राहिली. पालखी आली. पुढच्या दांड्याला पाटलाचा पुतण्या होता आणि पालखी एका अंगाला कलत होती. भागोजीच्या दाराशी ढोल थांबला. पालखी थांबली नाही. पुढच्या दारी ढोल पुन्हा वाजू लागला. पालखी वळणाआड होईपर्यंत भागोजी हात जोडून उभा होता.

रंगूनं ताटावर पदर झाकला. मग ताट घेऊन चालू लागली. देवळाकडे नाही, बांधाकडे. भागोजी काशीचा हात धरून मागोमाग निघाला.

महारवाड्यात पालखी कधीच जात नसे. केसर दारात तांदूळ पाखडत होती.

“काय मानकरी,” ती म्हणाली, “आज हिकडं कुठं?”

“पानी दे आदी,” भागोजी म्हणाला.

केसरनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग तांब्या आणून दिला. तो घटाघटा प्याला.

“पदर पसर,” रंगू म्हणाली.

केसरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मी रांडव बाई. माजी ओटी भरून तुजा नवस फिटंल व्हय?”

“देवी माज्या दारावरनं गेली. कुठं येऊन बसली, ते मला म्हाईत हाय. तू पदर पसर.”

भागोजी रंगूकडे पाहतच राहिला. हे त्याला सुचलं नसतं.

केसरनं सूप बाजूला ठेवलं. हात पुसले. दोन्ही हातांनी पदर पसरला. रंगूनं खण आणि नारळ त्यात घातला.