कुलूपबंद खोल्यांची आरती

माझ्या भाचीइतके प्रश्न विचारणारं माणूस परळ ते गिरगाव या टापूत दुसरं नसेल. मी हिशेबी माणूस आहे, तरी हे विधान मोजल्याशिवाय करतो आहे. चिपळूणहून दादरच्या कॉलेजात सॉफ्टवेअर शिकायला आली आणि तीन वर्षं लालबागच्या आमच्या चाळीत, आमच्याच खोलीत राहिली. पहिल्याच आठवड्यात तिने मामीला विचारलं, "आमटीत गूळ थोडा म्हणजे किती ग्रॅम?" मामी म्हणाली, "हाताला कळतं." "तुझ्या हाताला गं. माझ्या हाताला कोण सांगणार?" घरात टेबल नाही, म्हणून मामीच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून बसायची आणि विचार करताना पायडल मारत राहायची. प्रोग्रॅम अडला की पायडलचा वेग वाढे. "ब्लाउज एक नाही शिवला आणि पट्टा झिजवलास," असं मामी कुरकुरायची, पण चहा मशीनवरच आणून द्यायची.

शेवटच्या वर्षी कॉलेजात एक कंपनी मुलं निवडायला येणार होती. अट एकच: लोक खरोखर वापरतात असं काहीतरी स्वतः बनवून दाखवा. तिने चाळीच्या गणपतीतल्या आरतीच्या पाळ्या लावून देणारा प्रोग्रॅम करायला घेतला. बावीस वर्षं ती यादी मी वहीत करत होतो. चाळीस खोल्या, वीस आरत्या, दर आरतीला दोन घरं. वही मी तिला दिली, जरा जड मनानेच. चतुर्थीच्या आठवडाभर आधी यादी प्रत्येकाच्या मोबाइलवर गेली आणि शेजारच्या मालवणच्या आजी तरातरा आमच्या दारात आल्या.

"गो बाये, बाजूच्या खोलीची पाळी खंय गेली?"

"आजी, ती खोली बंद आहे ना? बंद खोल्या सहा, त्या मी काढल्या."

"ते गावाक गेले तेव्हापासून त्येंची आरती मी करतंय. खोलीक कुलूप आसा, देवाक नाय!"

तासाभरात चाळभर झालं, "मामांची वहीच बरी." खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. मग तिचा चेहरा पाहिला. चाळ वहीकडे वळली तर कंपनीला दाखवायला तिच्याकडे काहीच उरत नव्हतं.

"मामा, हे वहीत कुठे लिहिलंय?"

"लिहायचं कशाला? सगळ्यांना माहीत असतं."

"मला नव्हतं ना माहीत!"

रडली नाही. चौतीस दारांवर गेली आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, "तुमच्या घरचं असं काय आहे, जे सगळ्यांना माहीत आहे पण कुठे लिहिलेलं नाही?" लोक आधी हसले, मग बोलायला लागले. पोलिसात असलेल्या शिंद्यांची पाळी बंदोबस्तामुळे पहिल्याच दिवशी. ज्या घरात त्या वर्षी कोणी वारलं, त्यांचं आरतीचं ताट समोरच्यांनी धरायचं. असे अकरा रिवाज निघाले. अकराही मला ठाऊक होते. लिहिला एकही नव्हता. तिसऱ्या दिवशी नवी यादी आली, आजींनी चष्मा लावून तिच्यात सहाही बंद खोल्या तपासल्या आणि म्हणाल्या, "आता बरोबर." दहा दिवस चाळ तीच यादी बघून चालली. वही कोणी मागितली नाही.

कंपनीत तिला विचारलं, तुझी मोठी चूक कोणती? तिने बंद खोल्या सांगितल्या. "त्यांनी चूक विचारली, मी चूकच सांगितली," घरी आल्यावर म्हणाली. घेतलं तिला.

आता ती बंगळुरूला असते. आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीनंतर उरलेली चौतीस घरं चाळीकडे पाठ करून जागा मिळेल तिथे जातील. कुणी कुणाचं ताट धरायचं हे तिच्या त्या अकरा ओळींमुळे तरी राहील. माझ्या बावीस वर्षांच्या वहीत फक्त खोल्यांचे नंबर आहेत. त्या अकरा ओळींबद्दल तिचे आभार मानायचे राहिलेत. दर रविवारी फोन येतो, दर रविवारी ठरवतो. मग ती विचारते, "मामा, जेवलात?" आणि आम्ही जेवणाबद्दलच बोलत राहतो.