कोर्टावरचं पाणी

टेनिस बॉलचा नवा डबा उघडला की त्या वासानं अजूनही मला ती संध्याकाळ आठवते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि अधिकाऱ्यांच्या क्लबात मातीचं कोर्ट तयार झालं होतं. मी चौदा वर्षांची, माझ्याशी खेळेल असं गावात कुणीच नव्हतं. वडील कचेरीत कारकून. त्यांनी भीतभीत आपल्या साहेबांनाच विचारलं, आणि साहेब माझ्याशी खेळू लागले. दुष्काळातही खेळाआधी कोर्टावर टँकरचं पाणी मारलं जायचं. एका संध्याकाळी रिकाम्या घागरी घेऊन बायका फाटक ढकलून आत शिरल्या. साहेब निघून गेले. मी रॅकेट घेऊन एकटीच उभी. एक म्हातारी पुढं आली. “हे पाणी तुज्या खेळासाठी मारायलेत व्हय?” खाली वाहणारी टँकरची नळी उचलून मी तिच्या घागरीत धरली. नळी वाकडी झाली, पाणी तिच्या लुगड्यावर उडालं. “नीट धर माय, सांडू नको,” ती म्हणाली. मग एकेक घागर पुढं येत गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, पोरीला पुन्हा आणू नका. त्या संध्याकाळी वडिलांनी शाळेच्या मैदानात जाळीऐवजी दोरी बांधली आणि आयुष्यात पहिल्यांदा रॅकेट धरून पलीकडं उभे राहिले. “मार, मी हाय,” ते म्हणाले. त्यांना लागेल म्हणून मी बॉल हळूच मारला. आता कळतं, उद्या कचेरीत साहेब काय करतील ही धास्ती मनात असूनच ते तिथं उभे होते.