हिला कुणाचा हात लागलाय?

बॉनेट उघडण्याआधी मेस्त्री त्यावर तळहात ठेवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग गाडीच्या मालकाकडे न बघता विचारायचे, "आधी सांगा, हिला कुणाचा हात लागलाय?"

नसरापूरहून वेल्ह्याला जाताना विंझर मागे पडलं की डाव्या हाताला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. बाहेर फुटक्या टायरांत झेंडू लावलेला. तुमच्यापैकी कुणी तोरण्याला गेलं असेल आणि वाटेत गाडी रुसली असेल, तर हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. बहुधा तुम्ही खरं उत्तर दिलं असेल. मी दिलं नाही. म्हणून हे लिहितोय.

एकदा नवरदेवाची गाडी त्यांच्या दारात बंद पडली. मुहूर्त तासावर आलेला. मेस्त्रींनी फुलांच्या माळा बाजूला सारून बॉनेटवर हात ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. नवरदेवाचा मामा ओरडला, "आवो, चौकशी कसली करताय? गाडी चालू करा!"

"करतो की. पर हात कुणाचा लागलाय?"

शेवटी आतून नवरदेवच बारीक आवाजात म्हणाला, "काल म्या एक फ्यूज काढून दुसरीकडं लावला. गाणी वाजंनात म्हणून."

दोन मिनिटांत गाडी सुरू झाली. मेस्त्री त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "अक्षता पडायच्या आधीच खरं बोलाय लागलास. संसार टिकंल तुजा."

मी भोरला राहतो आणि वेल्ह्याच्या कचेरीत कारकून आहे. तिकडे कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, मेस्त्रीही म्हणायचे. माझी गाडी जुनी, पेट्रोलवरची. आईला एकदा तातडीने दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी हूं की चूं करीना, तेव्हा एका फोनवर मेस्त्री मोटारसायकलला बॅटरी बांधून भोरपर्यंत आले होते. आई वाचली. त्या दिवशी मी त्यांचा हात धरून म्हणालो होतो, "यापुढे या गाडीला तुमच्याशिवाय कुणी हात लावणार नाही." मागितलेला नसतानाही दिलेला शब्द होता तो.

पुढे मेहुण्याच्या पानशेतच्या बंगल्यावर गाडी आठ दिवस उभी राहिली आणि उंदरांनी आतल्या वायरी कुरतडल्या. मेहुणा म्हणाला, "असल्या कामाला तुझा खेड्यातला मेस्त्री चालायचा नाही." त्याच्या ओळखीच्या पुण्यातल्या माणसाने वायरी जोडल्या, वरून अगदी कंपनीसारखी टेप गुंडाळली. मी गप्प बसलो. मेहुण्यापुढे मी नेहमीच गप्प बसतो.

दोन महिन्यांनी इंजिनचा पिवळा दिवा लागला.

मेस्त्रींनी तळहात ठेवला. "हिला कुणाचा हात लागलाय?"

"तुमच्याशिवाय कुणाचा लागणार?" मी म्हणालो. वर हसलोही.

"वायरिंगला?"

"नाही."

"मग कंपनीची टेप सोडायची न्हाई. एकदा सोडली की पाणी शिरतं."

जिथे दुखणं होतं, नेमकं तेच दार मी त्यांना बंद करून दिलं. त्या क्षणी मला हे कळलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं.

मेस्त्रींनी उतारवयात गाडीचा बिघाड सांगणारं नवं यंत्र घेतलं होतं. स्टिअरिंगखाली लावलं की ते इंग्रजी अक्षरं आणि आकडे दाखवायचं. ते वाचायला मलाच बोलवायचे. सगळ्या आकड्यांचे अर्थ मी त्यांना मराठीत एका वहीत लिहून दिले होते. ते म्हणायचे, "ह्यो आकडा नुसती गल्ली सांगतो, भाऊसाहेब. घर आपलं आपण हुडकायचं."

ती गल्ली त्यांनी घर ना घर पालथी घातली. टाकीचं झाकण बदललं, प्लग पाहिले, एअर फिल्टर बदलला, बॅटरीच्या तारा घासल्या. यंत्राने दिवा पुसला की दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागायची. तिसऱ्या दिवशी दिवा हजर.

मग ते माझ्या शेजारी बसून वेल्ह्यापर्यंत यायला लागले. काच खाली, डोळे मिटलेले, कान इंजिनाकडे.

"आता?"

"नाही."

"आता?"

गतिरोधकावर गाडी आदळायची. "लागला," मी म्हणायचो. ते डोळे न उघडताच मान हलवायचे. वेल्ह्यात उतरून एसटीने परत जायचे. अशा किती सकाळी गेल्या, मी मोजलं नाही.

एकदा भर दुपारी ते कचेरीत आले. हातात बोटभर रबरी नळी. माझ्या टेबलावरच्या कागदांवरच ती ठेवली. "घावलं, भाऊसाहेब! बघा, नखाएवढी चीर हाय. हितनं हवा वढत व्हती." सगळी कचेरी बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की आमच्या शिपायानेही कारण न कळता त्यांना चहा आणून दिला. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "वा, मेस्त्री!"

दुसऱ्या दिवशी गतिरोधकावर दिवा लागला. मी सांगितलं, तेव्हा ते झेंडूला पाणी घालत होते. घालत राहिले. पाणी टायरबाहेर वाहून रस्त्यावर आलं.

त्यानंतर मी दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला. गॅरेजपाशी आलो की हात करायच्या ऐवजी आरशात काहीतरी बघायला लागलो.

एकदा मात्र समोरच्या टपरीवर चहाला थांबावं लागलं. एक भाजीवाला पिकअप घेऊन मेस्त्रींकडे आला होता. त्याच्या गाडीचाही दिवा लागलेला. मेस्त्रींनी हात पुढे केला आणि बॉनेटला टेकवण्याआधीच मागे घेतला.

"दिव्याची गाडी आता घेत न्हाई. पुण्याला न्या."

"पुण्याला? आवो मेस्त्री, माल नासंल की माजा!"

"माजं कान गेलं आता. न्या तुमी."

पिकअप धूर सोडत वळला. मेस्त्रींचं लक्ष माझ्याकडे गेलं. रस्ता ओलांडून ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुमची घावंना, भाऊसाहेब. मग दुसऱ्याची कशाला नासवू?"

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. तो मी संपवला, आणि गाडीत बसलो.

आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी, रजा नसताना, कचेरी अर्ध्यावर सोडून मी निघालो. गॅरेजपुढे टेम्पो उभा होता. मेस्त्री त्यात पेट्या चढवत होते.

"चाललो गावाला. हिर्डोशीला भात हाय, नाचणी हाय. हितं आता हाटेल व्हणार."

मी तिथेच, टेम्पोवाल्यासमोर, सगळं सांगितलं. बंगला, उंदीर, मेहुणा, टेप. बोलताना शब्द एकमेकांवर पडत होते. मेस्त्री हातात पाना धरून ऐकत राहिले. मग त्यांनी चढवलेली एक पेटी खाली उतरवली.

या वेळी त्यांनी तळहात ठेवला नाही. विचारलंही काही नाही. सरळ बॉनेट उघडलं, हात खोलवर घातला, ब्लेडने टेप कापली. आतला सांधा हिरवा पडला होता. गाडी आदळली की तो सुटत होता. मेस्त्रींनी तो घासून नीट जोडला, वर टेप चढवली. नवरदेवाच्या गाडीपेक्षा थोडाच जास्त वेळ लागला.

ते शेजारी बसले. मी दिव्यावरचा काळा तुकडा नखाने काढला. वेल्ह्यापर्यंतचे सगळे गतिरोधक आम्ही जाताना घेतले, येताना घेतले. दिवा लागला नाही. या वेळी त्यांनी एकदाही "आता?" म्हटलं नाही. डोळे मात्र उघडे होते.

उतरताना दाराला धरून ते म्हणाले, "चार महिनं म्या माज्या कानाला शिव्या दिल्या, भाऊसाहेब."

"मेस्त्री, जाऊ नका. जागेवाल्याशी मी बोलतो."

"न्हाई. त्याला शब्द दिलाय म्या."

टेम्पो भोरच्या दिशेने गेला. झेंडूचे टायर तिथेच राहिले.

भाताची कापणी उरकल्यावर मी हिर्डोशीला जाऊन आलो. का गेलो, ते नीट सांगता येणार नाही. गाडी त्यांच्या घराच्या खाली उभी केली, तोवर आवाज ओळखून ते खळ्यातून उतरून आलेच. अंगावर भाताचा भुसा. म्हणजे कान शाबूत होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि पाय आपोआप गाडीच्या पुढे वळले. बॉनेटवर तळहात टेकला.

माझं उत्तर तयार होतं. सगळ्या वाटेत मी तेच घोकत आलो होतो: कुणाचाच नाही, मेस्त्री, खरंच कुणाचाच नाही.

त्यांनी या वेळी प्रश्न विचारलाच नाही. हात उचलून धोतराला पुसला.

"गरम झालीया. चढ लई हाय ना," ते म्हणाले. "चला, च्या घ्या."