वाकड्या कोपराची तपासणी

छत्रीचं टोक माझ्या कोपरात रुतलं होतं. भाऊसाहेब वकील त्या टोकानं माझा हात खालून ढकलत होते, बाजारात बैल तपासावा तसा. "वर कर. अजून वर. आता फिरव." मी फिरवला. मैदानभर माणसं बघत होती. कापलेल्या भाताचे खुंट माझ्या उघड्या पायांना टोचत होते.

"बघितलंत? हात मोडतो हा. ही गोलंदाजी नव्हे, फेकी आहे. दगड मारायची सवय, दुसरं काय!"

लोक हसले. मीसुद्धा हसल्यासारखं केलं. त्याची लाज मला आजही वाटते. छत्रीच्या टोकापेक्षा ते हसणं जास्त टोचतं.

माझा गुन्हा काय, तर त्यांचा पुतण्या अनंत. त्याला मी त्या दिवशी दोनदा त्रिफळाचीत केलं होतं. संघ भाऊसाहेबच निवडायचे. पहिल्यांदा त्यांनी बाहेरूनच चेंडू रद्द ठरवला. दुसऱ्यांदा यष्टीच उडाली, तेव्हा छत्री घेऊन वकील मैदानात आले. कुडाळचा संघ सावंतवाडीला खेळायला जायचा होता आणि त्यासाठी आपापसातला हा निवडीचा सामना होता. मला त्या संघात जायचं होतं. एवढंच हवं होतं मला, आणि फार हवं होतं.

मी चिरेखाणीवर जांभ्या दगडाचे चिरे काढायचो. वय एकोणीस-वीस. महारवाड्यातला. वाड्यातले देव व्हाळाच्या पाण्यात सोडून, बौद्ध होऊन आम्हांला तीन वर्षं झाली होती, पण गावाच्या नजरेत आम्ही होतो तेच होतो. वकिलांच्या आवाराभोवतीच्या गडग्यासाठी चिरे उतरवताना अनंतनं गंमत म्हणून माझ्याकडून एक चेंडू टाकून घेतला. मग दर संध्याकाळी सरावाला बोलवायला लागला. तीन महिने मी त्याला चेंडू टाकले. दिवसभर खाणीत घण मारून वर हे! "वा रे मेल्या, काय आत येता चेंडू!" असं म्हणायचा. भाऊसाहेब खुर्चीत बसून बघायचे. तीन महिन्यांत त्यांना माझं कोपर एकदाही दिसलं नाही. चेंडू परत देताना माझ्या हातात कोणी देत नसे, लांबून फेकत. हवेतून आलेल्या वस्तूला विटाळ नसतो म्हणे.

त्या दिवशी घरी आलो तो माझाच माझ्यावर विश्वास उडालेला. खरंच फेकतो का मी? आपला हात आपल्याला कसा दिसणार? दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर खाणीत एकटा थांबलो. चिरे काढून उभ्या राहिलेल्या भिंतीवर उतरतं ऊन पडायचं. तिथं सावली बघत बघत धावलो. आठ पावलं. डावा पाय टेकतो, खांदा वळतो, हात कानाजवळून खाली येतो. सावलीत कोपर वाकडं होतं. पुन्हा टाकला. वाकडंच. चोर आहेस तू, असं मीच मला म्हणालो.

पण मग डिसोजा मास्तरांचं बोलणं आठवलं. शाळेत इंग्रजी शिकवायचे. सामन्यात बाजूचे पंच असायचे, म्हणजे गोलंदाजाचा हात ज्याला बाजूनं नीट दिसतो तो माणूस. ते कुणाला तरी सांगत होते, कोपर आधी दुमडायचं आणि चेंडू सोडताना झटक्यानं सरळ करायचं, ती फेकी. म्हणजे नुसतं वाकडं असून भागत नाही. ते सरळ व्हायला हवं!

मी केळीच्या सोपटाचा वाळका धागा घेतला. दंडापासून मनगटापर्यंत, कोपराच्या आतल्या बाजूनं, ताणून बांधला. हात जरा जरी सरळ झाला तर धागा तुटणार. पंचवीस चेंडू टाकले. धागा तुटला नाही. दुसऱ्या दिवशी पन्नास टाकले, तरी तसाच. मग मी जोर लावून हात मुद्दाम सरळ करायला गेलो, तर होईना. कधीच होत नव्हता, पण तो तसा का, याचा विचारच मी आजवर केला नव्हता.

धागा सोडायला विसरून जेवायला बसलो. आयेनं बघितलं. "ह्या काय बांधलंस रे?"

मी सांगितलं. तिनं भाकरीचं पीठ पुढे ओढलं. मग म्हणाली, "बारा वर्सांचो होतंस. चिरो पडलो हातार. वैद्य इलो, पण खळ्याच्या भायर उभो रवलो. थयसून माका सांगी, हात वड, आणखी वड. माका काय ठावक हाड खंय सांधता ता? तू आराडलंस, माजो हात ढिलो पडलो. तो म्हणालो, झाला, बांध."

"तेनी हात लावलो नाय?"

"आमका कोण हात लावता रे?"

तिनं ते भाकरी थापता थापता सांगितलं, पाऊस पडतो तसं काहीतरी असल्यासारखं. शिरा पडली त्या वैद्याच्या तोंडार! माझा हात गावानं वाकडा केला होता. आणि आता तेच गाव छत्री घेऊन विचारत होतं, वाकडा का म्हणून.

मास्तरांकडे गेलो. त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. पुढच्या का नाही, ते तेव्हाच खटकलं होतं मला. पण त्यांनी दोन्ही हातांनी माझं कोपर धरलं, दाबलं, सरळ करून बघितलं. "अरे, हे हाडच चुकीचं सांधलंय. हा हात सरळ होऊच शकत नाही. ही फेकी नव्हे. रविवारी मी सांगतो भाऊसाहेबांना."

रविवारी नावं वाचायची होती. सगळे जमले. मी धागा बांधूनच गेलो होतो. म्हटलं, "चेंडू टाकून दाखवतंय. धागो तुटलो तर माजा नाव घालू नकात."

भाऊसाहेब वकीलच ते. "धागा तुझा, हात तुझा, साक्षीदारही तूच?"

"मास्तरांनी बघलेलो आसा."

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचे दोन्ही हात पाटलोणीच्या खिशात होते. मी त्या खिशांकडेच बघत राहिलो. हात बाहेर आले नाहीत. मास्तर म्हणाले, "लांबून नक्की सांगणं कठीण आहे."

लांबून!

भाऊसाहेबांनी छत्री उचलली. टोक कोपरापर्यंत आलं. या वेळी मी ते मुठीत धरलं आणि बाजूला केलं.

"छत्री ठेवा. बघूचो असात तर हात लावन बघा."

हात पुढे करून मी उभा राहिलो. एवढी माणसं, पण एक पाऊल कोणी पुढे आलं नाही. अनंत पॅडच्या पट्ट्या चाचपत राहिला. भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला, पण आवाज अगदी मऊ काढला त्यांनी. "बरं, बरं. सरावाला मात्र येत जा हो. सामन्याचं पुढे बघू."

तेव्हा सगळं लख्ख दिसलं. त्यांना माझा हात वाकडा आहे की सरळ, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो त्यांच्या मुलांना चेंडू टाकेल तोवर चालत होता. त्यांना बाद केलं की तो वाकडा.

"सरावाक सरळ आणि सामन्यात वाकडो? येवचंय नाय," मी म्हणालो. चेंडू माझ्याच हातात होता. तो मी अनंतच्या हातात नेऊन ठेवला, बोटाला बोट लागेल असा. तो दचकून मागे सरला आणि चेंडू खाली पडला. कोणी उचलला ते बघायला मी थांबलो नाही.

नंतर दोनदा बोलावणं आलं. गेलो नाही. मास्तर रस्त्यात भेटले की वाट बदलायचे, मी बदलली नाही.

खाणीवरच्या पोरांना मी गोळा केलं. मोजून अकरा भरले. त्यांना सांगितलं, "पुढच्या साली भात कापून झाला काय मैदानार जावचा. खेळतत तर खेळतत. नायतर आमी मधी उभे रवतलो, तेंकाय खेळूक देवचे नाय." एकानं भीत भीत विचारलं, मारलं तर? मी म्हटलं, मारू देत. मारायला तरी त्यांना हात लावावा लागेल.