तापल्या अंगाची चोळी

समस्त मावळ प्रांतास कळवण्यात येते की सरकारला जाग आली आहे. लढाईच्या वर्षांत लोणावळ्याला सरकारी दवाखाना निघाला आणि औषध फुकट मिळणार अशी दवंडी कुसगावापर्यंत पिटली गेली. माझा खोकला घेऊन मीही पहिल्याच दिवशी थाटात जाऊन बसलो.

माझ्यापुढे एक म्हातारा होता. एका हातात धुतलेली रिकामी बाटली, दुसऱ्या हाताने काखेतलं गाठोडं तो पुन्हापुन्हा चाचपत होता. पाळी आल्यावर त्याने गाठोडं सोडलं आणि बायकोची चोळी डॉक्टरांच्या टेबलावर नीट पसरली. देवऋषीपुढे रोग्याचा कपडा असाच ठेवायची गावाकडची रीत होती.

"लय दिस ताप हाय, डाक्तरसाहेब. बघा, घामानं कशी भिजलीया."

हसू दाबायला मी पंचा तोंडाशी नेला. डॉक्टर हसले नाहीत.

"आबा, नवा नियम आहे. तपासल्याशिवाय औषध देता येत नाही. त्यांना इथे घेऊन या."

म्हाताऱ्याने चोळीची घडी घातली, मग पुन्हा उलगडली. मी तोंडाशी धरलेला पंचा खाली घेतला.

"तिला हितवर चालता आलं असतं," तो म्हणाला, "तर म्या औषिद कशाला मागितलं असतं?"